दात आणि घसारा

मराठी भाषेला मराठी माणसापेक्षा जास्त दात आहेत. माणसाला मिळतात बत्तीस, तेही अक्कलदाढांनी कृपा केली तर. भाषेत मात्र आपण दातओठ खातो, दात विचकतो, दात कोरतो, एखाद्याला समजावून सांगता सांगता दाताच्या कण्या करून घेतो, फारच संताप आला तर त्याचे दात त्याच्याच घशात घालतो आणि धर्माच्या गाईचेसुद्धा दात मोजायचे सोडत नाही. या सगळ्या दंतसंपत्तीत मला सर्वांत शहाणी वाटणारी म्हण एकच : दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. तरुणपणी पैसा नसतो आणि पैसा येतो तोवर तो उपभोगायची ताकद गेलेली असते. म्हण करणाऱ्याने इथे पूर्णविराम दिला आणि तो बहुधा समाधानाने झोपी गेला. चणे आले, दात गेले, विषय संपला.

विषय संपत नाही हीच आजची अडचण आहे. आता गाठीला चणे असले तर दात विकत मिळतात. पूर्वी जे नशीब म्हणून मुकाट्याने सोसता येत होते, ते आता निर्णय म्हणून घ्यावे लागते. नशिबाला निदान शिव्या तरी देता येत. निर्णयाला शिव्या द्यायच्या म्हणजे आरशासमोर उभे राहून द्याव्या लागतात, आणि त्याही तोंडात दात असतील तरच स्पष्ट उमटतात.

दातांच्या या बाजारात मुख्यतः दोन घराणी आहेत. एक कवळीचे, जुने आणि साधे. दुसरे इम्प्लांटचे, नवे आणि खर्चिक. मी बँकेतला कारकून असल्यामुळे मला दोन्ही चटकन समजली. कवळी म्हणजे बचत खाते. हवे तेव्हा काढा, हवे तेव्हा ठेवा. दिवसभर व्यवहार करा, रात्री वाटीभर पाण्यात जमा करा. इम्प्लांट म्हणजे मुदत ठेव. एकदा ठेवली की ठेवली. वर काही महिने थांबायचे, आणि मुदत पुरी झाल्याशिवाय फळ चाखायला मिळत नाही. हे फळ अक्षरशः, म्हणजे पेरूबिरू.

कवळीचे शास्त्र ऐकण्यासारखे आहे. वरची कवळी कशाच्या जोरावर टिकते? खिळा नाही, स्क्रू नाही. टाळूवर लाळेचा एक पातळ थर असतो, त्यावर ती चिकटून बसते. म्हणजे जिभेवर पाणी सुटावे असे काही ताटात असले की कवळीही खूश. वरच्या कवळीला टाळूचे प्रशस्त अंगण मिळते. खालचीला ते नाही. खाली मधोमध जीभ बसलेली, त्यामुळे खालची कवळी घोड्याच्या नालासारखी, आणि जीभ तिला दिवसभर ढुशा देत असते. एकाच घरात राहून जीभ आणि दात यांचे पटत नाही हे आपण पूर्वापार ऐकत आलो आहोत. दात खोटे असले तरी हे भांडण खरे असते.

त्यात आणखी एक गोष्ट. दात गेले की जबड्याच्या हाडाला काम उरत नाही, आणि काम नसलेले हाड हळूहळू झिजत जाते. वरच्यापेक्षा खालचे अधिक. निवृत्त माणसासारखेच हे. ज्या हाडावर आज कवळी चपखल बसली, ते काही वर्षांनी खाली गेलेले असते आणि कवळी ढिली होते. दोष कवळीचा नसतो, जमीनच खचलेली असते.

इम्प्लांटची जन्मकथा याहून रंजक आहे. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक होते. १९५२ साली ते सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियम धातूची छोटी उपकरणे बसवली. प्रयोग संपल्यावर काढायला गेले तर ती निघेनात. हाडाने त्या धातूला आपले म्हटले होते. उपकरणे महाग होती आणि ती परत हवी होती. दुसरा कोणी असता तर सशाला आणि हाताखालच्या माणसाला बोल लावून मोकळा झाला असता. ब्रोनेमार्क यांनी विचार केला, की जे निघत नाही त्यावर काहीतरी बसवता येईल. १९६५ साली योस्टा लार्सन नावाच्या गृहस्थाच्या खालच्या जबड्यात त्यांनी असे चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोवर ते स्क्रू कामावर होते. एकेचाळीस वर्षे! इतकी नोकरी आमच्या बँकेतही कोणी करत नाही.

एवढे ऐकून कोणालाही वाटेल की मग कवळीचा विचार तरी कशाला करायचा? पण इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रिया. हाड पुरेसे हवे, साखर आटोक्यात हवी, तंबाखू-सिगारेटशी काडीमोड हवा. स्क्रूला कीड लागत नाही हे खरे, पण भोवतीची हिरडी बिघडू शकते. त्यामुळे आयुष्यभर घासणे आणि दाखवणे आलेच. दहा वर्षांनी पाहिले तर शंभरातले नव्वदाहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात. ही टक्केवारी चांगलीच आहे, पण उरलेल्यांत आपण नसू असे लिहून कोणी देत नाही. आणि शेवटी पैसा. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी दात हा शरीराचा भाग आहे असे मानतच नाहीत. अपघातात पडले तरच मानतात. म्हणजे दात म्हातारपणाने गेले तर खर्च आपला, आणि कोणी पाडले तर कंपनीचा. मराठी माणसाला भांडणाला याहून सबळ कारण मिळणे कठीण.

हे सगळे ज्ञान मला वाचनाच्या हौसेने झालेले नाही. आमच्या आईच्या खालच्या जबड्याने ते करून घेतले. आई शहात्तर वर्षांची. वरची कवळी तिने सहा वर्षांपूर्वीच बसवून घेतली आणि ती इतकी छान बसली की ती आहे हे आम्ही विसरलो. खाली चार दात उरले होते. त्यांची अवस्था अल्पमतातल्या सरकारसारखी होती. पडत नव्हते, पण कोणाच्या आधारावर उभे आहेत हेही सांगता येत नव्हते. दंतवैद्य बाईंनी चारही काढायला सांगितले आणि पुढे तीन मार्ग असल्याचे कागदावर लिहून दिले. पहिला, साधी खालची कवळी, बारा हजार. दुसरा, पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी बसणारी, काढता-घालता येणारी कवळी, नव्वद हजार. तिसरा, जास्त इम्प्लांट घालून कायमचे पक्के दात, तीन लाख.

आईने कागद वाचला, चष्मा काढला आणि आपला निकाल जाहीर केला. "मला काय करायचेत आता दात? वरणभात खायला दात लागत नाहीत."

त्या रात्री आमच्याकडे फोनवरून कुटुंबपरिषद भरली. बंगळुरूच्या धाकट्या भावाचे म्हणणे, "दादा, तीन लाखवालंच करून टाकू. आईसाठी एवढं तरी करायला नको का?" साताऱ्याची ताई म्हणाली, "अरे, पण या वयात तिला कापाकापी कशाला? बारा हजारांची कवळी बास. आजीनं नाही का काढली सगळी वर्षं?" आजीने वर्षे काढली हे खरे. पण तिने ती कवळी तोंडात ठेवून काढली की वाटीत ठेवून, हे ताईला आठवत नव्हते. माझ्या पत्नीने मधले दोन इम्प्लांट सुचवले, पण सुनेने सासूच्या खर्चाबद्दल बोलावे की न बोलावे या जुन्या पेचात अडकून ते इतक्या हळू सुचवले की फोनमध्ये ते पोचलेच नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या कॅशियरला विचारले. नोटा मोजता मोजता, मान वर न करता तो म्हणाला, "सोपं आहे. खर्च भागिले वर्षं. ज्याचा भागाकार कमी, ते घ्या."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. भागाकार म्हटला की माझे रक्त सळसळते. यंत्र घेतले की त्याचा घसारा काढायचा, हे आम्हाला कॉलेजात शिकवले. सरळ रेषा पद्धत : किंमत घ्या, त्यातून मोडीची किंमत वजा करा आणि उपयुक्त आयुष्याने भागा. रात्री जेवणे झाल्यावर मी कागद आडवा धरला आणि तक्ता आखला. पहिला रकाना मार्गाचा. दुसरा किमतीचा. तिसरा देखभालीचा. त्यात साध्या कवळीला पाच-सात वर्षांनी नवी कवळी लागेल, बटणवाल्या कवळीच्या आतल्या रबरी वाट्या अधूनमधून बदलाव्या लागतील, असे बाईंनी सांगितले होते तेही लिहिले. चौथा मोडीच्या किमतीचा. तिथे तिन्हीपुढे शून्य. आणि पाचव्या रकान्याच्या डोक्यावर मी सुवाच्य अक्षरांत लिहिले : उपयुक्त आयुष्य.

आणि पेन थांबले.

वाचकहो, लोखंडी कपाटाचे उपयुक्त आयुष्य लिहिताना हात थरथरत नाही. टंकलेखन यंत्राचे लिहिताना नाही, संगणकाचे लिहिताना तर नाहीच. पण इथे आयुष्य दातांचे लिहायचे नव्हते. स्क्रू एकेचाळीस वर्षे टिकतो. लिहायचे होते ते शेजारच्या खोलीत वाती वळत बसलेल्या बाईचे. पाच लिहिले तर बारा हजारांची कवळी जिंकत होती. वीस लिहिले तर तीन लाखांचे दातही डोईजड वाटत नव्हते. म्हणजे ताई आणि धाकटा यांचे भांडण खर्चावरून नव्हतेच. 'या वयात' म्हणताना ताईने मनात एक आकडा धरला होता, आणि 'करून टाकू' म्हणताना धाकट्याने दुसरा. दोघांनी तो उच्चारला नव्हता एवढेच. कागदावर मांडले की हिशेब निर्लज्ज होतो. तो आकडा मोठ्याने विचारतो.

माझ्या नोकरीत दरवर्षी नोव्हेंबर महिना हयातीच्या दाखल्यांचा असतो. निवृत्तिवेतन घेणारी मंडळी आपण जिवंत असल्याचे सांगायला येतात. केंद्र सरकारच्या ऐंशीच्या पुढच्या मंडळींना तर ऑक्टोबरपासूनच ही सवलत. २०१४ सालापासून हे काम बोटाच्या ठशावरही होते. पण भांडी घासून, दळणे दळून, खडू धरून ज्यांची बोटे झिजली, त्यांचा ठसा यंत्राला उमटत नाही. समोर माणूस हसत बसलेला असतो आणि यंत्र म्हणते, हे कोणी नाही. मग दुसरे बोट, मग अंगठा, मग ओल्या फडक्याने पुसून पुन्हा अंगठा. या सगळ्या त्रासात माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे. सरकार दरवर्षी विचारते, "आहात का?" हो म्हटले की वर्षभराचे पैसे सुरू राहतात. "अजून किती दिवस आहात?" असे सरकारसुद्धा विचारत नाही. विमा कंपन्यांची तज्ज्ञ मंडळी आयुष्याचे कोष्टक मांडतात खरे, पण ते लाखो माणसांच्या सरासरीचे. सरासरीला आई नसते.

मग प्रश्न असा : आपल्या माणसावर खर्च करावा की नाही, हे त्याच्या उरलेल्या वर्षांवरून ठरवण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? ज्याच्यापाशी पैसा मोजका आहे त्याने हिशेब करू नये, असे मी म्हणणार नाही. मुलीच्या कॉलेजची फी, घराचा हप्ता ही खरी ओझी आहेत, आणि आईच्या प्रेमापोटी तीन लाखांचे कर्ज काढणे यात प्रेम किती आणि दिखावा किती, हेही तपासले पाहिजे. पण खिशात किती आहे हा एक हिशेब आणि समोरच्याचे किती उरले हा दुसरा. पहिला आपला आहे, तो आपण खुशाल करावा. दुसरा आपला नाही.

दातांच्या इतिहासात या दुसऱ्या हिशेबाची एक नोंद आहे. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्या लाकडी होत्या असे लोक सांगतात, ते खोटे. त्या पाणघोड्याच्या दातांच्या, शिशाच्या आणि माणसांच्या दातांच्या होत्या. त्यांच्या माउंट व्हर्नन इथल्या हिशेबवहीत १७८४ सालची एक नोंद आहे : निग्रो लोकांना नऊ दातांबद्दल दिले, १२२ शिलिंग. ही माणसे तिथली गुलाम. ते नऊ दात खुद्द वॉशिंग्टनांच्या तोंडात गेले की कसे, हे त्या वहीत नाही.

मी नोंदी करणारा माणूस आहे. नोंद वाचली की आधी भागाकार करतो. दाताला साडेतेरा शिलिंग पडले. मग पाहिले तर नोंद निर्दोष. तारीख आहे, रक्कम आहे, कशापायी दिले ते आहे. कुठल्याही लेखापरीक्षकाने तीवर हिरव्या शाईची खूण केली असती. नाही ते एवढेच, की त्या माणसांना कोणी विचारले होते का? आणि विचारले असते तर त्यांना 'नाही' म्हणता आले असते का? हिशेबवहीला किमतीचा रकाना असतो, विचारल्याचा नसतो. पुढे १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर मेलेल्या सैनिकांचे दात काढून कवळ्यांसाठी विकले गेले आणि त्यांना 'वॉटर्लूचे दात' असे नाव पडले. त्यांना तर विचारायची सोयच नव्हती. आज दात प्लास्टिकचे, चिनी मातीचे असतात, कोणाच्या तोंडातून काढलेले नसतात, ही मोठी सुधारणा. पण ज्याच्या तोंडात ते जायचे, त्याला विचारायचे मात्र अजून बाकी राहते.

तुम्ही म्हणाल, आईला विचारले होते की! ती नको म्हणाली.

इथे खरी मेख आहे. आईच्या पिढीचे 'नको' हे उत्तर नसते, तो शिष्टाचार असतो. पंगतीत आग्रह होईपर्यंत पानावर आडवा धरलेला हात असतो तो. ज्या बाईने चाळीस वर्षे सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर कढईत उरलेले खाल्ले, तिला तुम्ही "तीन लाखांचे दात हवेत का?" असे विचारलेत तर ती काय म्हणणार? तिचे 'नको' शब्दशः घेतले तर आपली सोय होते आणि वर तिच्या इच्छेचा मान राखल्याचे पुण्यही पदरात पडते. इतका स्वस्त सौदा दुसरा नाही. उलट तिचे 'नको' धुडकावून लावावे, तरी पंचाईत. मग ती काय म्हणते याला किंमतच उरत नाही. आम्ही तिच्या जबड्यात आमचे समाधान स्क्रूने पिळून बसवणार आणि चारचौघांत सांगणार, की आम्ही आईचं सगळं केलं. काटकसर करणारा आपल्याला शहाणा समजतो आणि खर्च करणारा प्रेमळ. दोघांपैकी कोणीही चावणार नसतो.

सुदैवाने बँकेच्या खिडकीवर वीस वर्षे बसल्यामुळे 'नको' उलगडायची एक युक्ती मला ठाऊक आहे. समोरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "आजोबा, काय हवंय?" तो म्हणतो, "काही नाही, द्या काय असेल ते." पण विचारा, "पाचशेच्या देऊ की शंभरच्या?" की लगेच म्हणतो, "चार पाचशेच्या, बाकी शंभरच्या, आणि दोन पन्नासच्या नव्या असल्या तर बघा, नातवाला द्यायच्यात." माणसाला आपली इच्छा ठोक सांगायचा संकोच वाटतो. सुट्टी करून विचारली की तो खरे बोलतो.

म्हणून रविवारी दुपारी मी आईजवळ बसलो आणि दातांचे नाव न काढता विचारले, "आई, भाजलेलं कणीस की पेरू?"

"कणसाचे दाणे सोलून कुटता येतात रे," ती म्हणाली. "पेरूची बी कवळीखाली जाते. दोन्ही नको. मला भाकरीचा पापुद्रा खायचाय. कडक. दुधात न बुडवता."

"आणि रात्री दात काढून ठेवायचे की नाही?"

"ते ठेवीन मी. वरचे ठेवतेच की. तोंडालाही विसावा हवा." मग थोडे थांबून म्हणाली, "पण खालची साधी कवळी नको. आमच्या भजनी मंडळात एक बाई आहेत. त्यांनी आ केला की खालची कवळी सुटते आणि टाळाच्या आधी तीच वाजते. ताल चुकतो सगळ्यांचा. मला मेलीला गाता नाही आलं तरी चालेल, पण दुसऱ्यांचा ताल नको चुकायला."

"आणि पक्के बसवले तर?"

"तीन लाख तोंडात घेऊन मला झोप लागेल का? चोर आला तर ओरडायचीसुद्धा चोरी." मग तिनेच विचारले, "ते स्क्रू जळतात का रे?"

मला प्रश्न कळायला जरा वेळ लागला. टायटॅनियम वितळायला १६०० अंशांच्या वर उष्णता लागते. चितेची आच तेवढी नसते. मी कसेबसे, चाचरत सांगितले, की नाही जळत.

"मग दोनच बसवू," आई म्हणाली. "अस्थी वेचताना तुम्हाला सापडायलाही सोपे. सहा-आठ असले तर एखादा राहून जायचा."

मी गप्प. ज्या गोष्टीशी येऊन माझे पेन अडले होते, ती तिने भाजी निवडताना देठ बाजूला टाकावा तशी बाजूला टाकली होती. मग मी तक्ताच आणून तिच्यापुढे ठेवला. तिने पाचव्या रकान्याचे डोके वाचले आणि हसली. "हे माझं आयुष्य होय? उपयुक्त लिहिलंयस, बरं वाटलं. धर की पंधरा वर्षं. माझी आत्या एक्क्याण्णवला गेली. आणि ती तर रोज तपकीर ओढायची."

नव्वद हजार भागिले पंधरा. वर्षाला सहा हजार. महिन्याला पाचशे. कॅशियरचा भागाकार अखेर झाला. त्याचे गणित बरोबरच होते. त्या रकान्यात आकडा लिहायचा अधिकार कोणाचा, एवढेच ठरायचे होते. आमच्या धंद्यात हे पोरालाही कळते. खात्यात रक्कम कितीही असो, सही खातेदाराचीच चालते. मुलगा कितीही गुणी असला तरी त्याने आईची सही केली तर त्याला प्रेम म्हणत नाहीत, अफरातफर म्हणतात.

दंतवैद्य बाईंना आईची निवड सांगितली तेव्हा त्यांना नवल वाटले नाही. खालच्या दंतहीन जबड्यासाठी दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणाची कवळी हीच पहिली पसंती असावी, असे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ सालीच म्हटले आहे, असे त्या म्हणाल्या. आईला याचे फारसे कौतुक वाटले नाही. "भाकरी त्यांनाही आवडत असेल," एवढेच ती म्हणाली.

पैशांवरून मात्र पुन्हा परिषद भरली. आई म्हणाली, माझी ठेव मोडा. आम्ही म्हटले, मुळीच नाही. ताई म्हणाली, मग कवळी माझ्याकडून. शेवटी असे ठरले की कवळीचे पैसे ताईने द्यावेत, उजवा स्क्रू माझा आणि डावा धाकट्याचा. त्याला आता काही महिने झाले. हाडाने स्क्रूंना आपले म्हटले, बटणे टचकन बसतात, भजनात टाळ आपल्या वेळेवर वाजतो आणि भाकरीचा पापुद्रा कुरकुरल्याचा आवाज बाहेरच्या खोलीत ऐकू येतो. आईची तक्रार एकच, आणि ती माझ्यासमोर मुद्दाम करते, की धाकट्याच्या बाजूने जरा बरे चावते.

त्या तक्त्याचा कागद मी फाईलला लावून ठेवला आहे. त्यात एक दुरुस्ती तेवढी केली. 'उपयुक्त आयुष्य' या शब्दांखाली कंसात लिहिले : खातेदाराने स्वतः भरावे. माझी स्वतःची एक दाढ गेल्या वर्षी गेली आहे, आणि हाडाच्या नियमाप्रमाणे जमीन खचायला सुरुवात झालीच असणार. म्हणून मुलीला आतापासूनच सांगून ठेवले आहे, "माझी पाळी आली आणि मी नको म्हणालो तर सुट्टी करून पुन्हा एकदा विचार."

ती म्हणाली, "आणि तरीही नको म्हणालात तर?"

"तर खरंच नको असेल. मग माझी सही घे आणि विषय बंद कर."

"आणि हो म्हणालात तर?"

मी कारकुनासारखा थोडा विचार केला आणि म्हणालो, "तर भावाला विचार, डावा स्क्रू कोण घेणार ते."